बांधापलीकडचे चार गुण

भिवंडीजवळच्या आमच्या दापोड्यात कुणी टेप घेऊन शेतात उतरला की तो गोदामवाल्यांचा माणूस असतो. निदान २००७ सालापर्यंत मी तरी याला अपवाद पाहिला नव्हता. आधी टेप यायची, मग पांढरी गाडी, आणि पुढच्या पावसाळ्यात भाताऐवजी पत्र्याची शेड उभी दिसायची. म्हणून भातकापणी उरकल्यावर एका सकाळी आमच्या शेतात एक अनोळखी माणूस दिसला, आणि तो टेपचं टोक माझ्या भावाच्या, भाविकच्या, हातात देऊन पाठमोरा चालत लांब जाताना दिसला, तेव्हा मी सायकल तिथेच आडवी टाकली.

माझ्या आधी बाबा पोचले होते.

"कोन रं तू? कुनी धाडला?"

"काका, मी धनेश. नारपोलीचा. मैदान बघतोय."

"कसला मैदान?"

"रग्बी लीगचं."

"खेळ हाय, बाबा," भाविक म्हणाला. "कबड्डीसारखाच. फक्त चेंडू असतो."

"कबड्डीत चेंडू? मंग क्रिकेटमधी म्हैस घाला." बाबांनी टेप खेचून त्याच्या अंगावर फेकली. "चल, निघ हितून."

धनेश तिशीचा असेल. इंग्लंडच्या उत्तरेकडे एका शीतगृहात त्याने पाच वर्षं काम केलं होतं. तिथे हा खेळ शिकला आणि येताना दोन लांबट चेंडू आणि नियमांचं पुस्तक घेऊन आला. नव्या देशात खेळ रुजवणाऱ्या तिथल्या मंडळींनी त्याला सांगितलं होतं, पैसे नाहीत आमच्याकडे, पण खरा सामना भरवून त्याचं चित्रीकरण पाठव, मग चेंडू आणि जर्सी पाठवू. त्याने दापोड्यातली कबड्डीची पोरं जमवली आणि वडप्याच्या गोदामांतले हमाल जमवले. फक्त जागा मिळत नव्हती. जिथे सपाट जमीन दिसेल तिथे एक तर क्रिकेट चालू असायचं, नाहीतर कंटेनर उभे असायचे.

बाबांनी हाकलल्यावर विषय संपायला हवा होता. पण आठवड्याभरात बाबांनीच निरोप धाडला, शेत वापरा म्हणून. क्रिकेटवाल्या पोरांनी वर्षानुवर्षं हात जोडूनही बाबांनी शेतात स्टंप ठोकू दिले नव्हते. मला हे खटकलं.

आमची जमीन नाल्यापासून थेट रस्त्यापर्यंत आहे, पण मध्ये एक बांध आहे. नाल्याकडची बाजू आमची, रस्त्याकडची आक्काची. आक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली, तेव्हा आजोबांनी मध्ये बांध घालून तेवढं शेत तिला दिलं. दिलं ते तोंडी. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं अजून एकत्रच आहेत. म्हणजे आक्काचं शेत कुठे सुरू होतं, हे कुठल्याही कागदावर नाही, ते फक्त तो बांध सांगतो. गोदामवाल्यांना हवी होती रस्त्याकडची बाजू, कारण तिच्याशिवाय आमच्या शेतात ट्रक शिरूच शकत नाही. आक्का विकायला तयार नव्हती.

आता मैदान. रग्बी लीगचं पुरं मैदान शंभर मीटर लांब असतं. आमची बाजू सत्तर मीटर भरते. पुरं मैदान करायचं तर बांध काढायला लागणार. थोडक्यात, धनेशच्या खेळाला नेमकं तेच हवं होतं जे दलालांना हवं होतं. मी भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलं आहे. असे योगायोग मला पचत नाहीत. पण न पचणं म्हणजे पुरावा नव्हे.

मी आधी सायबर कॅफेत जाऊन खेळाची माहिती काढली. तिथे लिहिलं होतं, रग्बीत एका संघात पंधरा खेळाडू. धनेश तेरा सांगत होता. मी सरळ सरावाच्या वेळी जाऊन पोरांसमोरच विचारलं, "दादा, दोन माणसं कुठे गेली?"

तो चिडला नाही. म्हणाला, "ती दुसरी रग्बी. आपली वेगळी. तिकडं गिरणीतले कामगार शनिवारी खेळायचे. खेळायला गेलं की खाडा पडायचा, पगार कापला जायचा. ते बोलले खाड्याचे पैसे द्या, मोठे लोक बोलले देणार न्हाय. मग ह्यांनी वेगळी चूल मांडली, पुढं दोन माणसं कमी केली. भिवंडीत समजायला कठीण हाय का हे?"

मी परत जाऊन तपासलं. खरं होतं. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आणि गिरण्यांचीच गावं. पण खेळ खरा असला म्हणजे माणूस खरा असतो असं नाही. म्हणून मी दुसरी परीक्षा ठरवली. त्याला खेळ हवा असेल तर तो लहान मैदानावर भागवेल. जमीन हवी असेल तर शंभर मीटरचा हट्ट सोडणार नाही.

"बांध ठेवूनच खेळा," मी म्हटलं. "त्या टोकाला बांधच गोल लाइन धरा. चेंडू घेऊन बांधापलीकडे पडलं की गुण."

धनेशचा चेहरा एकदम मोकळा झाला. "चालेल की! मी तर पहिल्यापासून छोटंच मैदान मागत होतो. पुरं करा, बांध काढा, हे तुमचे बाबाच बोलले. जेसीबी पण तेच आणणार होते."

परीक्षा एकाची घेतली आणि निकाल दुसऱ्याचा लागला.

सकाळी चहाच्या वेळी मी बाबांना म्हटलं, "धनेशदादा लहान मैदानावर खेळायला तयार आहे."

"कसला अर्धामुर्धा खेळ! करायचा तर पुरा करा. जेसीबीवाल्या मोरूला सांगितलंय. दोन तासाचं काम हाय."

"बांध आक्काचा पण आहे."

"बांध बांध काय करतेस? मातीच ती. मॅच झाली की परत घालू."

"कुठे घालणार?"

"होता तिथं."

"कुठे होता ते तेव्हा कोण सांगणार?"

बाबांनी बशी खाली ठेवली. "तुला कॉलेजात धाडली ती बापाची झडती घ्यायला?"

हे उत्तर नव्हतं, पण मला पुरेसं होतं. मी आक्काकडे गेले. ती ओटीवर तांदूळ पाखडत होती. मी सगळं सांगितलं. सूप थांबलं नाही.

"तुला कुनी धाडली?"

"कुणी नाही. मीच आले."

"तुज्या बापानं, चांग्यानं धाडली असल. आधी भ्या घालायचा, मंग अंगठा मागायचा."

"अंगठा नको, आक्का." मी तिला गोल लाइनचं समजावलं.

"म्हंजी सगली पोरा माज्या शेतात येऊन पडनार?"

"हो. पडलं की चार गुण."

"त्यांना चार. मला काय?"

"बांध कुठे आहे ते सगळ्या गावाला दिसेल. मग तो गुपचूप काढता येणार नाही."

तिने सूप मांडीवर ठेवलं. "तू चांग्याची पोर हायस," ती म्हणाली. "तुजं ऐकू का नको, त्याचाच इचार करते."

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः बादलीभर चुना कालवला आणि बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगवला. मग भर नाक्यावर, चहाच्या टपरीपाशी, धनेशला ऐकवलं, "खेला बाबा. माज्या शेतात लोला. पन बांधाला हात लावायचा न्हाय." चार लोक हसले. बाबाही तिथेच होते, तेही हसले. जेसीबी आला नाही.

मला वाटलं, जमलं. पण बाबा रागावले नाहीत, हे मला विचित्र वाटलं. उलट ते रोज संध्याकाळी सराव पाहायला येऊ लागले. नाल्याच्या कडेला उकिडवे बसायचे, तंबाखू मळायचे, आणि कुणी जोरात आपटलं की मान हलवायचे. चार-पाच दिवसांनी मी त्यांची नजर कुठे आहे ते पाहिलं. ती पोरांवर नव्हतीच.

भातशेतीचा बांध हा चिखलाचा असतो. कापणीनंतर तो वाळतो आणि ठिसूळ होतो. या खेळात सगळी झोंबाझोंबी गोल लाइनपाशीच होते. एक पोरगा चेंडू घेऊन घुसतो, तिघं त्याला लोंबकळतात, आणि चौघं मिळून बांधावर कोसळतात. दरवेळी बांधाचं एक ढेकूळ फुटत होतं. मधला भाग तर जवळजवळ सपाट झाला होता, टोकंही झिजत चालली होती आणि चुना मातीत मिसळून गेला होता. जेसीबीने दोन तासांत केलं असतं ते माझी कल्पना फुकट करत होती, आणि बाबांना फक्त बसून राहायचं होतं.

सामना जानेवारीतल्या एका रविवारी झाला. अर्धं दापोडं आलं होतं, वडप्याहून दोन टेम्पो भरून हमाल आले होते. गोलचे खांब बांबूचे. नारपोलीच्या एका लूमवाल्याने चिंध्यांतून दोन रंगांचे पट्टे काढून दिले होते, तेच पोरांनी दंडाला बांधले. धनेश स्वतः पंच. गोल लाइनवर नजर ठेवायला माणूस नव्हता, म्हणून त्याने जमिनीचे मालक म्हणून बाबांना काठीला बांधलेलं फडकं दिलं आणि बांधाच्या टोकाशी उभं केलं. बाबा पांढरा शर्ट घालून आले होते. मान मिळाल्यावर खूश होते.

नियम लोकांना लवकर कळले. सहा वेळा पकडलं जाईपर्यंत चेंडू आपला, पास द्यायचा तो मागेच. बायकासुद्धा मोठ्याने पकडी मोजू लागल्या. शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा वडपे दहा, दापोडे आठ. तेवढ्यात भाविकने चेंडू छातीशी धरला आणि मान खाली घालून घुसला. तिघांनी त्याला धरलं. चौघं बांधावर धुळीत पडले. धनेश मागे राहिला होता, त्याला काही दिसलं नाही.

"काका?" तो ओरडला.

बाबांनी फडकं आधीच वर केलं होतं.

वडप्याचा कप्तान लडकू धावत आला. उंचपुरा हमाल, कोपर सोललेलं. "ओ काका, पोरगा तुमचा आन झेंडाबी तुमचा! लाइन कुठाय? दाखवा ना."

"ही काय."

"ही तर नुसती माती हाय. चुना कुठाय? बांध कुठाय? आमी बोलतो बांध तिकडं व्हता, रस्त्याकडं. पोरगा अलीकडंच पडलाय."

लोक हसले. वडप्याची पोरं "न्हाय झाला, न्हाय झाला" करू लागली. भाविक तोंडात माती घेऊन तसाच पडून होता, दोन्ही हात चेंडूवर, हलला असता तर जागा गेली असती.

बायकांच्या घोळक्यातून आक्का पुढे आली. "चांग्या," ती म्हणाली, "पोरगा कुठं पडलाय?"

गलका थांबला. बाबांनी फक्त एवढं म्हणणं पुरेसं होतं की असेल बुवा तिकडे, आता काय आठवतंय. भाविकचे चार गुण गेले असते. पण आक्काचं शेत रस्त्याकडे सरकलं असतं, तेही सगळ्या गावासमोर, आणि मोडलेला बांध पुन्हा कुठे घालायचा ते पुढे बाबांनीच ठरवलं असतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. ते आधी रस्त्याकडे पाहत होते, मग भाविककडे.

"मालक, सांगा लवकर," लडकू म्हणाला. "का तुमालाच तुमची हद्द म्हाईत न्हाय?"

बाबांनी फडकं जमिनीत रोवलं आणि चपला काढल्या. "मला शिकवतोस? बापानं बांध घातला तवा मातीच्या पाट्या मी वाहिल्यात." ते बांधाच्या टोकाला असलेल्या शेवग्याच्या खोडापाशी गेले आणि तिथून टाच जमिनीत घासत सरळ चालत आले, पडलेल्या पोरांना वळसा न घालता, त्यांच्या पायांवरून, पलीकडच्या टोकापर्यंत. "हितून तितपर्यंत बांध. अलीकडं माजं, पलीकडं आक्काचं. पोरगा आक्काच्या शेतात पडलाय. दिसतंय का आता?"

लडकू वाकला. चेंडू टाचेच्या रेघेपलीकडे वीतभर होता. तो हात झटकत उठला. "झाला," तो म्हणाला. "द्या चार त्यांना."

धनेशने शिट्टी मारली. दापोड्याची पोरं भाविकवर जाऊन पडली.

"फावडी आना," आक्का म्हणाली.

"आक्का, टाइम हाय अजून!" धनेश ओरडला.

"तुजा टाइम मंग. आत्ता रेघ दिसतेय तवर माती घाला."

लडकूच आधी हसला. टेम्पोत फावडी होतीच. दोन्ही संघांतली पोरं त्या रेघेवर माती ओढू लागली, आणि गाव उभं राहून पाहत होतं.

बाबा चपला हातात घेऊन माझ्याजवळ आले. "गोल लाइनचं तुलाच सुचलं ना?"

"ते मला सुचलं. आजचं तुम्ही बोललात."

लडकूचं भांडणही मीच लावलं आणि आता खोटं बोलतेय का, हे ते पाहत होते. त्यांना वाईट वाटतंय की नुसता राग आलाय, हे मी पाहत होते. दोघांनाही काही ठरवता येईना.

"चांग्या!" तिकडून आक्काने हाक मारली. "सरळ येतोय का बग!"

बाबांनी एक डोळा बारीक केला, थोडं थांबले, आणि बघायला गेले.