मानेमागची दोन बोटं

मी सलूनवाला. एकवीस वर्षं खुर्चीमागे उभा राहून लोकांची डोकी वळवतोय. कानामागे दोन बोटं टेकवली की भलाभला माणूस निमूट मान फिरवतो, मग बाहेर तो कितीही मोठा साहेब असो.

माझी छकू जन्मापासून आंधळी. साडेसहा वर्षांची. दुकानातल्या बाकावर बसायची आणि गिऱ्हाईक काही विचारायला लागलं की भलतीकडेच तोंड करून उत्तर द्यायची. मग सुरू व्हायचं, "अरेरे! बिचारी!" माझ्या डोक्यात तिडीक जायची. बिचारी म्हणे! शेवटी मी तिला शिकवलं, बोलणाऱ्याकडे तोंड करायचं. चुकली की कानामागे दोन बोटं, की वळलीच. वर्षभरात पोर अशी तयार झाली की नवीन गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नसे. मी कॉलर ताठ करून फिरायचो. बायको म्हणायची, "अहो, तिला दिसत नाही, यात लाज कसली? तिला शाळा हवीय, नाटक नको." मी उडवून लावायचो.

शाळा शेवटी बायकोनेच शोधली. अंध मुलांची. राहायची सोय, आणि कागदावर उठलेले ठिपके बोटांनी वाचायला शिकवणार. जागा एकच उरली होती. मुख्याध्यापिका बाईंनी बजावलं, "शुक्रवार संध्याकाळपर्यंत पूर्ण अंध असल्याचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा. आणि सात वर्षं पूर्ण झाली की आम्हाला नवीन मूल घेता येत नाही, बरं का."

सरकारी दवाखान्यात तपासणीचा नंबर नेमका शुक्रवारीच लागला. बायकोला कामावरून सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी गेलो. सकाळपासून रांगेत उभं राहून पायांचे तुकडे पडले. दुपारी डॉक्टरांनी छकूला उंच स्टुलावर बसवलं. ती घाबरली, म्हणून मी मागे उभा राहिलो आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. डॉक्टरांनी टॉर्च लावला, डावीकडे नेला. छकूची मान डावीकडे. उजवीकडे नेला. मान उजवीकडे. मी मनात म्हटलं, कशी शहाण्यासारखी बसलीय!

"उजेड बरोबर पकडते की," डॉक्टर म्हणाले. "पूर्ण अंध नाही ही." आणि लिहूनही टाकलं.

मी माझ्या हाताकडे बघितलं. दोन बोटं तिच्या कानामागे होती.

"साहेब, मान मी वळवली! हाताची सवय हो, माझं सलून आहे..."

"असं सांगणारे आज तुम्ही तिसरे." त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "सवलतीसाठी लोक धडधाकट पोरं आंधळी म्हणून आणतात. फेरतपासणी वर्षाने."

"एकदाच टॉर्च लावा. मी बाहेर थांबतो."

"पुढचा!"

मी टेबलावर हात आपटला, नाही नाही ते बोललो. शिपायाने दंड धरून बाहेर काढलं. आधी माती खाल्ली होती, वर असा तमाशा केला. व्हरांड्यात छकू विचारते, "बाबा, बरोबर वळले ना मी?"

"हो गं," म्हणालो. दुसरं काय सांगणार?

तसाच तिला घेऊन शाळेत गेलो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. टेबलावरची जाड कागदाची वही उघडून छकूच्या हाताखाली ठेवली. तिची बोटं आधी बावरली, मग ओळीवरून हळूहळू सरकायला लागली.

"बाबा, इथे काहीतरी लिहिलंय!" पोर खुदकन हसली.

"हिला दिसत नाही, हे मला कळतंय हो," बाई म्हणाल्या. "पण तुमच्या कागदावर दिसतं असं लिहिलंय. बाहेर दुसरं मूल सर्टिफिकेट घेऊन बसलंय. मी काय करू, तुम्हीच सांगा."

वर्षाने ती साडेसात वर्षांची होणार होती. एवढा हिशोब तर मलाही येत होता.

बाईंनी वही परत मागितली, ती वर्गातल्या कुणाची तरी होती. छकूने सोडली नाही. दोन्ही हातांनी छातीशी गच्च धरली.

"मी अजून वाचतेय," ती म्हणाली.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग मी तिच्यासमोर खाली बसलो आणि वहीवरची तिची बोटं एकेक करून सोडवली.