बाटलीत जपलेला पापुद्रा

मित्रांनो, मी एक जुना पापुद्रा आहे. तळहाताएवढा, गोल, पांढरा. पाण्याला वाट द्यायची आणि मिठाला दारातच अडवायचं, एवढंच माझं काम.

भावनगरच्या एका प्रयोगशाळेत चारुल गोहिल या संशोधक मुलीने मला घडवलं. मधासारखा घट्ट रस तिने काचेवर पसरला, काच पाण्यात बुडवली आणि मी अलगद सुटलो. माझे आधीचे चौदा भाऊ पहिल्याच परीक्षेत फाटले होते. माझ्यातून मात्र मिठाचं पाणी गोड होऊन उतरलं. चारुल नाचायचीच बाकी राहिली! तिच्या गावची विहीर खारी. ते पाणी पिऊन तिची बा, म्हणजे आई, मुतखड्याने दोनदा आडवी झाली होती. बासाठीच तर तिने मला केलं होतं.

"बेन, आता बाच्या विहिरीचं पाणी घालून बघू?" तिने प्राध्यापक नीलाबेनना विचारलं.

"वेडी की काय! गाळाने डाग पडेल याला. उद्या पाहुण्यांना काय दाखवू, माझं कपाळ? हा ठेव जपून. दुसरा कर."

आमच्याकडची रीतच ती. उत्तम निघाला की बाटलीत, बाटली कपाटात आणि किल्ली बेनच्या पदराला. चारुलला दुसरा काही तसा जमेना. पाहुणे यायचे, बेन बाटली उंच धरायच्या. "हा आमचा हिरा!" डोंबलाचा हिरा! माझा जीव आत नुसता घुसमटायचा.

बाटलीचं झाकण सैल होतं. मला ओला ठेवणारं आतलं पाणी दरवर्षी बोटभर उतरायचं. आम्ही सुकलो की आमची छिद्रं मिटतात, ती पुन्हा उघडत नाहीत. मला हे कळत होतं, पण हाक कशी मारणार? सहाव्या वर्षी मी कोरडा पडलो.

त्याच वर्षी नीलाबेन निवृत्त झाल्या. चारुल आता तिथेच शिकवत होती. किल्ली हातात येताच तिने बाला बोलावलं. बा विहिरीच्या पाण्याचा डबा घेऊन आली, कपाट बघून म्हणाली, "लोणचं घालायचं आणि बरणी उघडायचीच नाही, हे कसलं गं तुमचं शिक्षण?"

बाटली कोरडी दिसली, तरी चारुलने आशेने मला पोलादी कड्यांत आवळलं आणि वरून पाणी सोडलं. एक थेंब उतरेना. तिने दाब वाढवला. मी जिवाच्या आकांताने छिद्रं उघडायला बघितलं, पण नाही जमलं. टर्रकन फाटलो, आणि खारं पाणी जसंच्या तसं पेल्यात पडलं.

बाने घोट घेतला. चारुल तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"गार आहे हं," बा म्हणाली.

चारुल हमसून हमसून रडली. मलाही रडावंसं वाटलं, पण माझ्यात पाणी कुठे होतं?

आता दरवर्षी ती मला वर्गात हातोहात फिरवते. "हा कशाने फाटला?" मुलं म्हणतात, "दाबाने." ती म्हणते, "नाही. जपण्याने."

मित्रांनो, तुमच्या कपाटात कुणी असं जपून ठेवलेलं असेल, तर आजच झाकण उघडा. डाग पडला तर पडू द्या. बाची विहीर अजून खारीच आहे.