खोक्यातला की जुळवलेला

सुटे भाग जुळवून केलेला कॉम्प्युटर खपला, तर तो जुळवणाऱ्या वस्तादला पगाराच्या वर मजुरी मिळणार होती. कंपनीचा तयार, खोक्यातला खपला, तर ते खोकं गिऱ्हाइकाच्या गाडीपर्यंत उचलून नेण्याचा मान. दुकानमालकाचं गणित उलटं होतं: खोक्यावर कंपनीचं कमिशन, आणि जुळवलेल्यातून वस्तादची मजुरी वजा. त्यामुळे समोर बसलेल्या बाईंना दोघेही मनापासून, पण आपापल्या बाजूला ओढत होते.

"मुलाला खेळायला हवाय ना? मग खोक्यातलाच न्या," मालक म्हणाला. "वायर लावली की झालं."

"मला खेळायला हवाय," बाई म्हणाल्या. "नर्स आहे मी. बारा तास सगळ्यांचं ऐकून घेते. घरी जाऊन चार राक्षस मारले की मग झोप लागते."

वस्ताद हसला. खोक्यातल्यांपैकी मांडून ठेवलेल्या नमुन्याचं झाकण त्याने काढलं. "ताई, हा नुसता वरून नवरदेव. ग्राफिक्स कार्ड भारी घातलंय, पण पॉवर सप्लाय बघा, केवढासा. खेळ रंगात आला की धाप लागेल याला."

हे खरं होतं. खरं आणि फायद्याचं एकाच बाजूला असण्याचा योग रोज येत नाही, म्हणून वस्ताद जरा जास्तच रंगून बोलला. मग त्याने कागदावर सुट्या भागांची यादी लिहून दिली. नर्सबाईंनी ती वाचली. पहिली ओळ ठसठशीत, शेवटची मुंगीएवढी. त्यांनी कागदाकडे बघितलं, मग वस्तादकडे.

"अक्षर असंच बारीक होत जातं का तुमचं?"

"तेवढाच कागद वाचतो," वस्ताद म्हणाला.

"बरं. जुळवलेलाच द्या. पण तुमच्याच हातचा, आणि माझ्यासमोर."

गिऱ्हाइकाने स्टुलावर बसून बघायचं, ही त्या दुकानाची बावीस वर्षांची रीत होती, आणि वस्तादचं नाव त्या रीतीवरच झालं होतं. गेले सहा महिने मात्र तो गिऱ्हाइकाला आधी चहाला पाठवायचा आणि डाव्या हाताने उजवं मनगट धरून काम उरकायचा. मालकाला हे कळलं असतं, तर त्याच दिवशी वस्तादचं काम गेलं असतं.

"चहा घेऊन येता का समोरून? तोवर मी—"

"चहा नको. बघायचंय मला."

वस्तादने प्रोसेसर उचलला. बोर्डाच्या खोबणीत केसाएवढ्या हजारभर पिना उभ्या असतात. त्यांच्यावर तो अलगद टेकवायचा. कोपऱ्याची खूण जुळवायला त्याने हात क्षणभर अधांतरी धरला, आणि त्या क्षणभरात अंगठा नोटा मोजल्यासारखा बोटावर फिरायला लागला. प्रोसेसर निसटून तिरपा पडला. पिनांची एक अख्खी रांग आडवी झाली.

"काय झालं?" मालक काउंटरवरूनच ओरडला.

वस्तादने प्रोसेसर उचलून मुठीत लपवला.

"माझा धक्का लागला," नर्सबाई म्हणाल्या. "बोर्डाचे पैसे लावा माझ्याकडे."

मालकाने पैसे लावले. बोर्डाचे गेल्यावर उरलेल्यात जुळवलेला बसेना, म्हणून बाईंनी खोक्यातला घेतला. वस्तादने ते खोकं उचललं.

खोकं गाडीत ठेवल्यावर मात्र त्याला राहवलं नाही. "ताई, तो धक्का तुमचा नव्हता."

"नर्स आहे मी, आंधळी नाही. तुमचं बारीक होत जाणारं अक्षर बघितलं तेव्हाच शंका आली होती. कधीपासून होतंय?"

"सहा महिने."

"घरी माहितीये?"

"बायकोला वाटतं, मी हल्ली चहा कमी केलाय. अर्धाच कप मागतो ना."

नर्सबाई हसल्या नाहीत. "मंगळवारी मेंदूचे डॉक्टर असतात आमच्याकडे. या. विसरलात तर दुकानात येऊन घेऊन जाईन."

वस्ताद आत आला आणि थेट काउंटरपाशी गेला. "हात माझा हलला. बाईंचा धक्का-बिक्का काही नाही. माझ्या पगारातून कापा आणि त्यांचे त्यांना परत करा."

मालकाने मान वर केली नाही. "दिसलं मला. कॅमेरा काय शोभेला लावलाय?"

"मग घेतलेत कशाला त्यांच्याकडून?"

"दिले म्हणून घेतले." थोडं थांबून तो मऊ आवाजात म्हणाला, "वस्ताद, राग नाही हं तुमच्यावर. पण आता जुळवाजुळव बंद करू या. नुसती खोकीच ठेवतो."

"आणि मी?"

"खोकी उचलायला मिळेल कुणी पोरगा. हा महिना पुरा करा तुम्ही, मग थांबा."

मंगळवारी दवाखान्याच्या बाकावर वस्ताद नंबर धरून बसला होता. नर्सबाई फायली घेऊन जाता जाता थांबल्या.

"ताई, पैसे मिळाले ना परत? मी सांगितलंय मालकाला."

"मिळाले की. त्याच दिवशी," त्या म्हणाल्या आणि त्याची फाईल सगळ्यांत वर ठेवून आत गेल्या.

त्यांना काहीच मिळालं नव्हतं. महिनाअखेरीस बोर्डाची किंमत वस्तादच्या पगारातूनही कापली गेली, आणि तोच बोर्ड 'मुळात सदोष' म्हणून मालकाने कंपनीला परत पाठवला. एक बोर्ड, तिघांनी भरलेला. मालकाकडे नवाकोरा आला. तो त्याने कपाटात ठेवला, कारण आता तो बसवणारं दुकानात कुणी नव्हतं.