मालनआजीचा स्वेटर लिस्बनला जातो

मित्रांनो, मी एक जुना करडा स्वेटर आहे. भांडुपच्या एका चाळीत, पत्र्याच्या कपाटात माझा मुक्काम असतो. मुंबईत स्वेटरला कोण विचारतं? इथे थंडी पडली म्हणजे लोक पंखा एकवर आणतात, बस्स. तरी माझा जन्म इथलाच.

मला मालनआजीने विणलं. ती आणि राजाराम आजोबा मूळचे मालवणकडचे. आजोबा गिरणी कामगार. जन्म सुतात गेला, लोकरीशी कधी संबंध आला नाही. एकदा दोघं वसईचा किल्ला पाहायला गेली. पडक्या भिंतींकडे बघत आजी म्हणाली, "एवढो दर्या ओलांडून इले मेले पोर्तुगीज! त्यांचो गाव कसो आसा, तो तरी बघूया."

पुढे त्यांची मुलगी दर्शना नोकरीसाठी नेमकी पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनला गेली. दोघांनी तिच्याकडे जायचं ठरवलं. दर्शना फोनवर सांगायची, "आई, इथे फार थंडी नसते गं." पण आजी ऐकते कुठली! "परदेस म्हटलो म्हणजे थंडी इलीच," म्हणत तिने आजोबांच्या स्वेटरसाठी जाडजूड लोकर आणली. दुपारी केसांना खोबरेल चोळायची आणि त्याच हातांनी मला विणायला बसायची. ते तेल माझ्या टाक्याटाक्यांत मुरलं. मी पुरा झालो आणि थोड्याच दिवसांत आजी आजारी पडली, ती उठलीच नाही.

आजोबांनी मला धुतलं नाही. माझ्यात आजीचा वास होता. तेवढीच आजी त्यांच्याकडे उरली होती.

वर्षभराने ते एकटेच लिस्बनला गेले. काय हवा तिथली! ना घाम, ना हुडहुडी. चढउताराचे रस्ते, भिंतींवर निळ्या नक्षीच्या फरशा, सावलीच्या मोठमोठ्या बागा. लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते. आजोबा मात्र मला घालून कपाळ पुसत चालत.

"बाबा, काढा ना तो! लोक बघतायत."

"बघू देत. मला वाजते थंडी."

टेकडीवरच्या जुन्या किल्ल्यात मोर होते. आजोबा बाकावर टेकले, माझा गळा नाकाशी नेला आणि हळूच म्हणाले, "बघ गे मालन, मोर आसत हयसर."

त्या दिवशी मी घामाने पार भिजलो. दुसऱ्या दुपारी आजोबांचा डोळा लागला, तेव्हा दर्शनाने मला उचललं. बाबांना स्वच्छ स्वेटर मिळावा, एवढंच तिच्या मनात होतं. तिने मला मशीनमध्ये घातलं, गरम पाणी लावलं, वर सुवासिक साबण ओतला. भांडुपला वाढलेल्या मुलीला लोकर कशी धुवायची, हे कोण शिकवणार?

मी बाहेर आलो तो आटून, पुठ्ठ्यासारखा घट्ट होऊन. दर्शनाचा चेहरा उतरला.

"बाबा, सॉरी. आपण उद्याच नवा घेऊ."

आजोबांनी मला नाकाशी धरलं. मग उलटं करून आतल्या बाजूने पुन्हा धरलं. माझी घडी घालून मला मांडीवर ठेवलं.

"बरं झालं गं," शेवटी ते म्हणाले. "मळलाच होता."

मग नवा स्वेटर आला. राहिलेल्या दिवसांत बापलेक आणखी बागा हिंडून आले. दर्शना हौसेने सगळं दाखवत होती, आजोबा मान डोलावत होते. पण पुन्हा कुठल्याही बाकावर बसून ते कुणाला "बघ गे" म्हणाले नाहीत.

मित्रांनो, दर्शना वाईट नव्हती. तिने विचारलं नाही आणि आजोबांनी सांगितलं नाही, एवढंच झालं. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाने एखादी मळकी, जुनाट वस्तू जपून ठेवलेली दिसली, तर ती धुण्याआधी, टाकण्याआधी जवळ बसून विचारा, "ही अशीच का ठेवलीय?" आणि उत्तर यायला वेळ लागला, तर थांबा.

आजोबा अजून अधूनमधून कपाट उघडतात. मला नाकाशी नेतात. साबणाचा वास येतो. मग माझी घडी घालून ते मला परत ठेवतात.