भरल्या बोटीचा वेग

वेग वाढावा म्हणून व्हर्नाने बोटीच्या मागची मोटर पाव इंच वर चढवली, तलावाला चक्कर मारली आणि धक्क्यावर परतली. ताशी बहात्तर मैल.

तिथे बसलेला तिचा दीर हॉइट हसला. "माझी अठ्ठ्याहत्तर पळते, वहिनी. मोटर बसवणं बायकांचं काम नव्हे."

"तुमची बोट रिकामी पळते, भाऊजी. पेट्रोल तळाला, माशांची टाकी कोरडी, बरोबर जोडीदार नाही. मासेमारीच्या स्पर्धेला असेच जाणार? माझ्या बोटीत सगळं भरलंय, शिवाय पुढे बहीण बसलीय. तुमची भरा आणि या शर्यतीला."

"उगाच पेट्रोल कोण जाळणार?"

व्हर्नाने पाना उचलला आणि मोटर आणखी पाव इंच चढवली. "मग तोंड मिटा. त्याला पेट्रोल लागत नाही."