ठशांची वाट पाहणारी फाईल

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. पोलिसांच्या नोंदखात्यात, तिसऱ्या कपाटात माझं घर. पाठीला दोनदा चिकटपट्टी लागली आहे. पोटात एका व्हॅनचालकाची हकीकत आहे आणि त्याच्या दहा बोटांचे काळे ठसे.

त्या चालकाने एकदा शाळेची व्हॅन भर उन्हात उभी केली, कुलूप लावलं आणि तो निघून गेला. मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी झोपली होती. समोरच्या शिंपीणबाईंनी काच फोडली म्हणून ती वाचली. चालक कोर्टात म्हणाला, "मोजली होती की मुलं!" मोजली नव्हती. पुन्हा मुलांची गाडी चालवायची नाही, असा निकाल लागला. माझा जन्म त्याच दिवसाचा.

पुढे चालक देश सोडून गेला आणि माझ्यावर धूळ साचू लागली.

मग एकदा दुसऱ्या देशाने एका माणसाची चौकशी केली. नाव जुळलं म्हणून खात्याने माझी प्रत धाडली. पण तो माणूस निराळाच निघाला, बेकरीतला साधा कामगार! त्याची नोकरी गेली. त्याच्या आईचं पत्र आजही माझ्या पोटात टोचतं. तेव्हापासून नियम झाला: ठसे आल्याशिवाय माझी नाडी सोडायची नाही.

गेल्या बुधवारी पुन्हा तिकडून विचारणा आली. एका शाळेला व्हॅनवर चालक नेमायचा होता, सोमवारपासून. नाव तेच. ठसे मात्र नव्हते. तिकडे ठसे फक्त आरोपींचे घेतात. नोकरी मागायला आलेल्याचे कोण घेणार?

कारकूनबाईंनी छापील उत्तर काढलं, 'ओळख पटली नाही.' आणि त्या थबकल्या.

"साहेब, हे वाचून तिकडे काय समजतील?"

"काय समजायचंय त्यात? ओळख पटली नाही."

"अहो, ते म्हणतील नोंदच नाही, माणूस चांगला. देतील चाव्या हातात!"

"मग नुसत्या नावावर पाठवू? बेकरीवाल्याची आई विसरलात?"

"नाही हो विसरले. पण मागच्या सीटवरची पोरही डोळ्यांपुढून जात नाही."

मी टेबलावर नुसती तळमळत होते. मला तोंड असतं तर!

शेवटी बाईंनी छापील ओळीखाली हाताने लिहिलं, 'याचा अर्थ नोंद नाही असा घेऊ नये. ठसे पाठवा. तोवर चाव्या देऊ नका.'

"छापील उत्तरावर हाताने लिहीत नसतात, बाई."

"मग तुमच्या हाताने लिहा."

साहेबांनी कागद पुढे ओढला. त्यांनी सही केली.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. आज सोमवारी सकाळी तिकडच्या मुख्याध्यापिकांचा ई-मेल आला: 'चाव्या माझ्या खणात आहेत. मुलांना आज पालक सोडतील. तो ठसे द्यायला तयार झाला, ते टपालाने निघाले आहेत.' टपालाने, कारण दोन्ही देशांची ठसे जुळवणारी यंत्रं एकमेकांशी बोलत नाहीत.

हा माणूस तोच, की पुन्हा कुणी निराळा? मला ठाऊक नाही. बाईंनी मला कपाटात परत ठेवलेलं नाही. दारात टपाल पडलं की माझी पानं थरथरतात.

तोवर मित्रांनो, एवढं करा. गाडीतून उतरताना मागच्या सीटवर नजर टाका. कुणी झोपलं असेल तर हलवून उठवा. माझ्यासारखी फाईल पोचायला फार वेळ लागतो.