मधल्या पानावरच्या दोन पिना

मित्रांनो, मुखपृष्ठ फाटले म्हणून मला रद्दीत ढकलू नका. मी एका मासिकाचा जुना अंक आहे. पण माझ्या मधल्या पानाने एकदा सगळ्या गावाला वेड लावले होते, आणि ते आठवले की माझी पाने आजही फडफडतात!

छापखान्यात ताज्या शाईच्या वासात मी जन्मलो. घडी पडली, कडा कापल्या आणि पाठीत दोन पिना खटाखट बसल्या. तिथून मी थेट शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या दुकानात आलो. काय थाट होता माझा! बायका माझ्या चित्रांवर बोट टेकवून गळा असा हवा, बाह्या तशा हव्यात असे सांगत. संपादकीय मात्र कोणी वाचले नाही.

माझ्या मधल्या जोडपानावर चित्रांच्या प्रदर्शनात उभी असलेली एक बाई होती, अंगात सुरेख निळा कोट. मावशींची भाची रोज डबा खाताना ते पान उघडून बसायची. तीन वर्षे ती फक्त काजे-बटणे करत होती. एके दिवशी गाण्यांच्या कार्यक्रमात निवेदन करणाऱ्या एक ताई आल्या आणि त्यांनी नेमका तोच कोट मागितला. मावशींचा हात मुरगळलेला होता. नाइलाजाने कात्री भाचीच्या हाती आली.

"चित्रात आहे तसाच झाला पाहिजे," मावशींनी बजावले. "बिघडला, तर तू आणि तुझी काजं."

पोरीने जीव ओतला. कॉलर, खिसे, शिलाई, जे दिसले ते सगळे तिने कोटावर उतरवले. चित्रात कोटावर दोन उभ्या चंदेरी पट्ट्याही चमकत होत्या, एक गळ्याखाली आणि एक कमरेवर. तशा पट्ट्या बाजारात मिळेनात. शेवटी तिने स्वतःच्या केसांतले दोन चाप काढून सरळ केले आणि कोटावर घट्ट बसवले. अगं वेडे, त्या माझ्या पिना आहेत, असे मी कळवळून सांगत होतो. पण कागदाचे ऐकतो कोण?

कोट न्यायच्या दुपारी मावशींनी तो पाहिला. मग मला उघडले आणि पानावरून अंगठा फिरवला.

"हे कोटाचं नाही गं. पानं सुटू नयेत म्हणून मारलेल्या पिना आहेत या."

भाचीचा चेहरा खर्रकन उतरला. तेवढ्यात ताई दारात हजर, आणि कार्यक्रम त्याच संध्याकाळी! भाचीने काही लपवले नाही. चूक सांगितली, चाप काढून देते पण भोके राहतील, हेही सांगितले. ताईंनी कोट चढवला आणि आरशात बराच वेळ पाहिले.

"राहू देत," त्या म्हणाल्या. "स्टेजवर पहिली दोन वाक्यं होईपर्यंत माझे पाय लटपटतात. एवढी पानं धरून ठेवतात, तर मलाही धरतील."

पुढच्या महिन्याच्या अंकात मधल्या पानावर ताईंचा फोटो झळकला. त्या अंकाच्या पिनाही नेमक्या कोटावरच बसल्या होत्या. झाले! दुकानात झुंबड उडाली आणि जी ती चार पट्ट्या मागू लागली. मावशी समजावून सांगायला निघाल्या, मग थांबल्या.

"काजं मी बघते," त्या भाचीला म्हणाल्या. "तू मशीनवर बस."

मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या पिनांचा फार अभिमान वाटला.

पुढे नवे अंक आले, मग हाताहातांत फोन आले. माझी रवानगी मशीनच्या डुगडुगत्या पायाखाली झाली. पिना गंजल्या, मधले पान निखळले. वाईट वाटलेच. पण गेल्या आठवड्यात भाचीने मला बाहेर ओढले. आता तिलाच सगळे मावशी म्हणतात. तिने गंजक्या पिना काढून बटणांच्या डब्यात जपून ठेवल्या आणि त्या कोटाच्या उरलेल्या निळ्या दोऱ्याने माझी पाठ शिवली.

म्हणून सांगतो, जे पान पाहून तुमचे हात शिवशिवले, ते जपा. नक्कल करताना चुकाल, म्हणून घाबरू नका. आणि जमले तर माझे संपादकीय वाचा.

परवा एका मुलीने माझे मधले पान उघडले आणि घडीतल्या दोऱ्यावर बोट ठेवले.

"मावशी, कोटावरचा हा निळा टाका मला पण हवा."

भाचीने माझ्याकडे पाहिले, हसू दाबले आणि गळ्यातली टेप काढली.

"ये," ती म्हणाली, "माप दे."